तिला रस्त्याची सवय नाही

तळपणला होडी ट्रेलरवर चढवली तेव्हा
ओहोटी लागली होती, पाण्याला आणि टॉर्चच्या बॅटरीला.
होडी बावीस फूट, ट्रेलर सोळा.
बाहेर राहिलेल्या सहा फुटांना गोकुळदास पागीनं
बायकोच्या जुन्या परकराची लाल पट्टी बांधली
आणि नाळेवर हात ठेवून म्हणाला,
"सवकास व्हर. तिका रस्त्याची संवय ना."

मलाही नाही, असं म्हटलं नाही मी.
एकोणीस वर्षं ओढतोय लोकांच्या वस्तू:
जनरेटर, आइस्क्रीमची गाडी,
एकदा एका बारचा अख्खा काउंटर, आरशासकट.
सवय झाली म्हणेपर्यंत
रस्ता पुन्हा खणतात.

करमलच्या घाटात चढाला ती मागे ओढते,
उताराला पाठीत ढकलते.
दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हतं
आणि मागे कदंबची बस,
हॉर्नवर हात ठेवूनच झोपलेली.

खड्डा मला दिसतो, मी चुकवतो.
ट्रेलरचा आस गाडीपेक्षा वीतभर रुंद,
म्हणून माझ्या चुकवण्याची किंमत
नेमकी तिच्या डाव्या चाकाला.
धाड्.
आरशात होडी उडते, पुन्हा बसते.
बाळ्ळीला धाड्. नुवेला धाड्.
वेर्ण्याला उतरून हबला हात लावला:
चहाच्या ग्लासाइतका गरम. चालेल.
तव्याइतका झाला की थांबायचं,
हे एका जळालेल्या बेअरिंगनं शिकवलंय.

कुठ्ठाळीच्या पुढे सगळंच थांबलं.
झुआरीच्या पुलावर पाऊण तास.
खाली नदी, वर होडी,
मध्ये नुसती हवा आणि सिमेंट.
आग्नेल बिडी विझवत म्हणाला,
"खाली सोडली असती तर एव्हाना पोचली असती."
शेजारच्या गाडीतून (काळी पाटी, पिवळे आकडे)
एका पोरानं होडीचा फोटो काढला,
मग नदीचा,
मग होडीसकट स्वतःचा.
नदी आणि होडी एकत्र मात्र
कुणाच्याच फोटोत मावली नाहीत.

पर्वरीला रस्ता रोज रात्री कूस बदलतो.
काल जिथून गेलो तिथे आज खांब.
भाड्याच्या स्कूटरवरची दोघं,
गाडी गेली, आता फट आहे, असं समजून
मधेच घुसली.
ब्रेक.
होडी सगळ्या वजनानिशी
माझ्या मानेपर्यंत आली.
पोरगी ट्रेलरच्या साखळीकडे बघत राहिली,
डांबरातून साप निघावा तशी.
मी शिवी शोधत होतो. सापडली तेव्हा
ती दोघं कोपऱ्यावरून गेलीही होती,
आणि शिवी आग्नेलला बसली.

केरीला पोचलो साडेबाराला.
एकशेदहा किलोमीटर, नऊ तास.
माडांमधली अरुंद पायवाट, शेवटी वाळू.
ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे,
हे डोक्याला अजून पटलेलं नाही,
मनगटांना ठाऊक आहे.
चाकं पाण्यात बुडाली आणि होडी
कुणी हात लावायच्या आत सुटली.
सुहास तळकरनं डाव्या कुशीतली नवी भेग बोटानं चाचपली,
माझ्या भाड्यातले हजार कापले.
खड्डा कुणाचा, यावर आम्ही थोडं भांडलो.
मग त्यानं जेवायला वाढलं.

परतताना रिकामा ट्रेलर
भरलेल्यापेक्षा दुप्पट बोंबलत होता.
मालप्याला कुणाच्यातरी अर्ध्या कुंपणाशी थांबून,
मालकाला विचारून, सहा चिरे टाकले त्यात.
गप्प झाला.

म्हापशाच्या गर्दीत पागीचा फोन.
पोचली का, असं विचारलं नाही त्यानं.
म्हणाला, ती लाल पट्टी हाड हां परत,
बायल सोदता.

ती सोडायची राहूनच गेली.
केरीच्या पाण्यात, मागे एकही गाडी नसताना,
अजून ती सगळ्यांना
जरा अंतर ठेवा म्हणत असेल.