तिसरी सळई

संग्रहालयातून आलेला एक्स-रे
हिल्लारने खिडकीच्या काचेला चिकटवलाय.
मागे सारेमाचा समुद्र, गोठलेला,
त्यामुळे तलवार बर्फात पुरल्यासारखी दिसते.
हजार वर्षांच्या गंजाने धार खाल्ली,
मुठीचं लाकूड तर केव्हाच.
सुंभ जळला. पीळ तेवढा राहिला :
चार सळया शेजारी शेजारी,
एक डावीकडे वळलेली, एक उजवीकडे,
पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

आणि मुठीपासून वीतभर अंतरावर
तिसरी सळई मध्येच उलटी फिरलेली.
दोन बोटं. मग परत वाटेवर.

"ही चूकही हवी," पिरेतबाई फोनवर म्हणाल्या,
"हुबेहूब म्हणजे हुबेहूब."

मी घण मारते. सोळा वर्षं मारतेय.
भट्टीतला रंग मला त्याच्या आधी कळतो :
केशरी, पिवळा, मग लोण्यासारखा,
आणि ठिणग्या फुटायच्या आत बाहेर.
टाकणखार फसफसतो,
हिल्लार हातोडीने जागा दाखवतो,
तिथे मी.
जागा, घण. जागा, घण.
लोखंड लोखंडाला धरतं तेव्हा आवाज बदलतो,
कुणीतरी आतून दार लावून घ्यावं तसा.

बाकीच्या तिन्ही झाल्या. हिची चूक काही होईना.
पहिल्यांदा उलटा पीळ फारच देखणा आला.
दुसऱ्यांदा त्याने मनगट मोकळं सोडलं
तर मनगटाने आपलं आपणच बरोबर केलं.
तिसऱ्यांदा सळई तुटली.
त्याने देवाला नाही, बापाला शिव्या दिल्या,
ज्याने हे हात घडवले.

रात्री मी खिडकीशी उभी राहिले.
काय झालं असेल तिथे?
दारात कुणी हाक मारली?
भात्यावरचं पोर पेंगलं?
की तेवढ्यापुरती सळई
दुसऱ्याच कुणाच्या हातात गेली,
आणि ते माणूस
माझ्यासारखं डावखुरं होतं?

सकाळी मी त्याच्याकडून पान्हा मागितला.
"तू कधी पीळ घातला नाहीस," तो म्हणाला.
"म्हणून तर."
तेवढाच तुकडा तापवला,
दोन बोटं पिळला, वेडावाकडा,
पान्हा परत दिला
आणि दूध आणायला गेले.

मार्चमध्ये पातं आम्लात बुडवलं.
राखाडी पाण्यातून नक्षी वर आली,
माशाचे खवले यावेत तशी.
पिरेतबाईंनी भिंग धरलं, वीत मोजली,
"अगदी तिथेच," म्हणाल्या,
आणि हिल्लारशी हस्तांदोलन केलं.

पावती त्याच्या नावाची होती.
पैसे मिळाल्याची सही मी केली,
डाव्या हाताने,
शाई थोडी पुसली गेली.