ऐनवेळचे विषय

फुटबॉल विषयपत्रिकेवर कधी नव्हताच.
आधी वसतिगृहाचं पाणी, नॅकची तयारी,
ग्रंथालयातल्या वाळवीचा बंदोबस्त,
आणि शिपाई चहाचे कप उचलायला आत आला की
‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.’
तेवढ्यात आमचं उरकायचं.
आमचं म्हणतो, कारण मी इथलाच गोलकीपर,
शहाण्णव ते नव्व्याण्णव,
आणि आता इथलाच कनिष्ठ लिपिक.
इतिवृत्त मीच टाइप करतो.

पहिला ठराव अरुलदास सरांचा.
दारूगोळा कारखान्यातल्या पाळीआधी, पहाटे पाचला,
खडकीहून होळकर पुलावरून सायकलवर यायचे,
कॅरियरला जाळीत बांधलेले दोन बॉल,
एकाची हवा हमखास कमी.
बाराशे रुपये मानधन, तेही दिवाळी उलटल्यावर.
कुणीतरी विचारलं, यांची पदवी कोणती?
नव्हती.
पदवी असलेले बारटक्के आले.
खो-खो त्यांना उत्तम कळायचा.
त्या साली आम्ही उपांत्य फेरीत हरलो, तीन-दोन.
इतकं थोडक्यात हरणं ते शेवटचंच.

मग शेजारच्या सोसायटीचं पत्र आलं, शिट्टीबद्दल.
सुवाच्य अक्षर, खाली एकतीस सह्या.
‘सराव बिनशिट्टीचा करावा असे ठरले.’
हसू नका. ठरलं तसं.

मैदान लग्नांना द्यायचं, पण फक्त मुहूर्ताच्या दिवशी.
मुहूर्त पंचांगात असतात तेवढेच असतात
असं मला तोवर वाटायचं.
मांडववाल्यांनी वासे रोवले, वासे उपटले,
खळगे बुजवायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं.
एक पेनल्टीच्या ठिपक्याशेजारी.
बोपोडीचा इम्तियाज, डाव्या पायाचा,
त्यात घोटा घालून पडला.
आता हिंजवडीला कॅब चालवतो.
क्लच दाबताना कळतं, म्हणतो,
अजून आहे म्हणून.

खाजगीवाले सर माणूस वाईट नाहीत.
माझ्या मुलीच्या ऑपरेशनला त्यांनी ॲडव्हान्स
एका दिवसात मंजूर केला होता.
क्रीडा कोट्यातल्या सहा जागा वळवायच्या होत्या
तेव्हा चष्मा काढून मलाच म्हणाले,
‘जरा सौम्य शब्द सुचतोय का?’
मी लिहिलं, तात्पुरत्या.
तो शब्द माझा.
अकरा वर्षं झाली त्याला.

गेल्या साली वानवडीच्या मैदानावर
नऊच पोरं उतरली, त्यातला एक बुद्धिबळाचा.
अकरा गोल.
माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कार्याध्यक्षांनी विचारलं,
काय हो झालं आपल्या टीमचं? काय खेळायची पूर्वी!
खरंच विचारत होते, आठवत नव्हतं त्यांना.
बासुंदीची वाटी खाली ठेवत कुणीतरी म्हणालं,
पोरांनाच आवड राहिली नाही.
तेही टाइप केलं.

सोमवारी अरुलदास सर आले.
नातवाला कुठल्याशा अकादमीत घालायचंय,
फी माफीसाठी दाखला हवा,
आजोबा अठरा वर्षं प्रशिक्षक होते म्हणून.
मी कपाटं काढली, फायली काढल्या.
सगळी अठरा वर्षं व्हाउचरवर निघाली,
‘किरकोळ खर्च’, खडू आणि फिनेलच्या मध्ये.

ते बाकावर बसून होते, टोपी गुडघ्यावर.
पेनल्टीला पहिला तू हलू नको, सांगायचे मला,
समोरचा हलू दे.
बावीस वर्षं या खुर्चीत
मी हललो नाही, सर.

दाखला टाइप करून ठेवलाय. चार ओळी.
तात्पुरते, किरकोळ, असं काही नाही त्यात.
जावक क्रमांकाचा रकाना मोकळा आहे.
खाजगीवाले सर शुक्रवारपर्यंत बाहेरगावी आहेत,
आणि शिक्का
माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो.