दोन बोटं

लातूरच्या शोरूममधला पोरगा म्हणाला,
मॅडम, ग्राउंड क्लिअरन्स हिचा एकशे सत्तर, तिचा दोनशे पाच.
मी हिशेब केला: पस्तीस मिलिमीटर,
म्हणजे माझी दोन बोटं, आडवी.
दोन बोटांचे साडेतीन लाख.
अंगठी घालूनसुद्धा
इतकं महाग झालं नव्हतं कधी माझं बोट.

लहान गाडी लाल होती.
आत बसले तर सगळं हाताशी,
डावा आरसा, मागची काच,
पलीकडच्या दाराचं हँडलसुद्धा.
इंडिकेटर समजून मी वायपर लावला.
कोरड्या काचेवर तो किरकिरला,
पोरगा हसला नाही, त्याला शिकवलेलं असणार.
सेहेचाळिसाव्या वर्षी लायसन काढलेली बाई
रिंग रोडला दोन फेऱ्या मारून आली,
कुणी हॉर्न दिला नाही.

मोठी करड्या रंगाची.
तिच्यात चढले तर बोनेटच्या पुढचं काहीच दिसेना,
लांबचं मात्र दिसलं:
उसाच्या ट्रॉलीच्या पलीकडचं,
एरवी ज्याच्यासाठी मान काढावी लागते ते.

अक्का लाल गाडीत बसल्या, म्हणजे पडल्या.
उठायला माझा खांदा, दाराची कड
आणि एक शिवी लागली.
करड्या गाडीत पाटावर टेकावं तशा टेकल्या,
एक गुडघा आत, मग दुसरा,
आणि समोर बघत म्हणाल्या,
"चला. थांबलाव कशाला?"

दीर फोनवर: वहिनी, देवणीचा रस्ता बघितलाव का?
लहान गाडीचं पोट घासतंय.
नणंद नांदेडहून: आधी आपली गल्ली बघा म्हणावं.

गल्ली मी रात्री साडेदहाला मोजली,
ब्लाउजच्या मापाच्या टेपनं,
एक टोक ऋजुताच्या हातात.
सिद्धलिंग बिरादारांच्या ओट्यापाशी सात फूट दोन इंच.
"लहान एका भिंतीला खेटून उभी राहील," ऋजुता म्हणाली,
"मोठीही मावते गं,
फक्त दारं उघडणार नाहीत. आपण आतच राहायचं."
ओट्यावर झोपलेले बिरादार उठून बसले.
"काय मोजायलाव, बाई? ओटा पाडतेत का?"

ह्यांनी दूधडेअरीच्या जुन्या वहीत दोन रकाने पाडले.
ॲव्हरेजमध्ये लहान पुढं,
"पाहुणे" ह्या ओळीत मोठी.
गुडघे, खड्डे, सर्व्हिसिंग, परत विकताना काय येईल,
तीन आठवडे वही उघडी होती फ्रिजवर.
मी एक ओळ लिहायची म्हणून पेन घेतलं,
शाळेतून परत येताना, एकटी,
आणि ती कुठल्या रकान्यात बसते हे कळेना
म्हणून दुधाचा हिशेब लिहून ठेवला.

करडी घेतली.
रंगावरून आठ दिवस वाद झाला होता.
आता ती गल्लीच्या तोंडाशी, खाजाभाईंच्या गिरणीसमोर उभी असते,
आणि संध्याकाळपर्यंत ज्वारीच्या पिठानं
पांढरी होते.
आमच्या दारापासून तिथवर चाळीस पावलं.
संडासापर्यंतसुद्धा भिंत धरून जाणाऱ्या अक्का
दिवसातून दोनदा जाऊन बघून येतात
कुणी ओरखडा काढला का.
डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, चांगलंय,
गोळ्या तेवढ्या चालू ठेवा.

काल चौबाऱ्यात ती लाल गाडी दिसली,
किंवा तसलीच एखादी.
भाजीच्या गाड्यांमधून
बांगडीतून हात निघावा तशी निघाली.
आत एक बाई. शेजारच्या सीटवर पर्स,
मागं कुणी नाही.
कडक ऊन होतं
आणि तिचा वायपर चालू होता.

माझ्या मागं कधीचा हॉर्न वाजत होता म्हणे.
अक्कांनी खांद्याला हात लावला.
"चल की. थांबलीस कशाला?"