प्लॉट सतरा

पाषाणच्या मागच्या टेकडीवर
पीव्हीसी पाइपची चौकट टाकते मी,
मीटर बाय मीटर,
आणि गुडघ्यांवर बसून मोजते:
पवन्या, नऊ ठोंब. कुसळी, एकवीस.
मारवेल दोन, तेही खडकाला धरून.
सातबाऱ्यावर या सगळ्याला एकच शब्द आहे, पडीक.

चौकट कुठे पडणार
ते संगणक ठरवतो, यदृच्छेने,
म्हणजे कुणाची भीड न ठेवता.
सतरावी त्याने टाकली
नेमकी बाबांच्या कांचनावर.

खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून
बाबा पहाटे पाच लिटरचा कॅन घेऊन चढतात,
दर शंभर पावलांवर हात बदलत.
ग्रुपात बावीस जण, सगळ्यांच्या टोप्या हिरव्या.
खड्डे दीड फुटी. आळी कंपासने काढल्यासारखी.
आळ्यातलं गवत दर रविवारी
मुळासकट उपटतात,
दाढी करावी तसं, गुळगुळीत.

माझ्या वहीत तीन वर्षं आहेत.
खड्ड्यांच्या रांगेत गवताच्या जाती अकरावरून चार.
चंडोलाचं घरटं गेल्या साली एक,
यंदा रकाना कोरा.
(शून्य लिहायचं असतं. कोरा ठेवला
तर सर विचारतात, नव्हतं, की तू पाहिलंच नाहीस?)

"माझं झाड मोजलंस का?"
"मोजलं."
कुठल्या रकान्यात, ते त्यांनी विचारलं नाही.
'व्यत्यय' असा मथळा आहे त्यावर,
शेजारी वणवा, मोटरसायकली, राडारोडा.

रात्री बाल्कनीत
बाबा मोज्यांतली कुसळं काढत बसले,
आईच्या जुन्या चिमट्याने.
"कसली चिवट जात!"
मी एक उचललं, ओल्या वर्तमानपत्रावर ठेवलं.
"आता बघा."
पीळ भरलेली ती शेपटी
पाणी लागताच जागी झाली,
फिरू लागली, कुणी किल्ली न देता,
आणि टोक रुतलं
टेकडीचा देखावा दिसणाऱ्या
थ्री बीएचकेच्या जाहिरातीत.

"स्वतःच स्वतःला पेरतं?"
"हो."
"खड्डा?"
"नाही लागत."

बाबांनी चष्मा पुसला. दुसरं ठेवलं. तिसरं.
मनगटावरचं घड्याळ काढून
एका फेऱ्याला किती सेकंद ते मोजत राहिले,
पस्तीस वर्षं फ्यूज तपासलेला माणूस.

मी समजावलं काहीच नाही.
प्रबंधातलं ते वाक्य अजून लिहायचं आहे,
कर्मणी प्रयोगात लिहीन:
खड्डे खणले गेले, गवत उपटले गेले.
तिथे कर्त्याचं नाव लागत नाही.

पहाटे दाराशी कॅन, भरलेला.
बाबा बुटांच्या नाड्या बांधत होते.
"रविवार आहे, आळं साफ करायचंय," म्हणाले.
मग दुसरा बूट हातात घेऊन
बराच वेळ तसेच बसले.
"चल. आधी तू मोजून घे."