अकरा पाच ते पावणेपाच

पडदा म्हणजे स्टोअरमधली चादर,
कोपऱ्यात धोब्याची खूण.
खिडक्यांना काळे कागद, बाहेर वागळे इस्टेटची दुपार,
आणि पेझारकर सर प्रोजेक्टरवर वाकून
गेटमध्ये अडकलेला केस फुंकरीनं उडवताहेत.
सतरा मुलगे आणि मी.

फिल्म सरकारी, आवाज दिल्लीचा.
तो तिसऱ्या मिनिटाला बसायचा, मग नुसती गुरगुर.
मग सर स्वतःच बोलायचे पडद्याशी उभं राहून,
आणि फिल्ममधले हात
त्यांच्या पांढऱ्या शर्टावर काम करायचे.

हातच फक्त. माणूस नव्हताच त्यात.
मनगटापर्यंत दोन हात,
लेथला जॉब बांधणारे, व्हर्नियर मिटणारे,
दुसऱ्या रिळात तेच हात
काचेच्या चकतीवर एमरीचा चिखल ओतणारे.
चित्र धुरकट.
खाडीच्या दमट हवेनं प्रोजेक्टरच्या भिंगाला बुरशी धरलेली.
निर्मळ भिंग कसं घडवावं
हे आम्ही बुरसटलेल्या भिंगातून पाहिलं
आणि तेव्हा कुणालाच हसू आलं नाही.

डाव्या मनगटाला घड्याळ होतं.
"ही पहिली चूक," सर म्हणाले, "मशीनवर घड्याळ नाही.
हौसे, बांगड्यासुद्धा."
मी उतरवून डब्यात ठेवल्या.
रात्री आईनं माझा हात हुंगला, म्हणाली,
सुकटीचा वास बांगड्यांना कसा गं?

"आता काट्यांकडे बघा. किती?"
अकरा पाच, हिरामण कीणी ओरडला.
हात काच फिरवत होते, थोडं पाणी, थोडी पूड, पुन्हा गोल.
एक झटका बसला.
काच लख्ख. घड्याळात पावणेपाच.

सरांनी बल्ब मालवला.
अंधारात पंख्याचा आवाज, आणि त्यांचा:
"मधले पाच तास चाळीस मिनिटं सरकारनं कापली.
कुठल्याच रिळात नाही मिळायची.
ती तुमची."

पुढं एकतीस वर्षं मी त्या कापलेल्या जागेत राहिले.
रोड नंबर सोळा, पत्र्याची शेड,
डांबराच्या पॉलिशरवर लाल रूज,
नखांत रूज, पदराला रूज,
पहिल्या बाळाच्या दुपट्यावर बोटाएवढा डाग, तो निघालाच नाही.
पोरगा रांगला, चालला, शाळेत गेला,
आणि माझं एक मिनिट काचेवर सरकत होतं.

सगळ्यात अवघड ते घासणं नव्हे.
टेस्ट प्लेटवर काच ठेवायची
आणि रंगांची कडी सरळ होतात का ते बघायचं,
पण लगेच नाही.
बोटांची ऊब काचेत चढलेली असते, कडी खोटं बोलतात.
हात मागे घेऊन थांबायचं
काच आपल्याला विसरेपर्यंत.
सुपरवायझर म्हणायचा, बाई नुसत्या बसल्यात.
हो. बसले होते.

गेल्या उन्हाळ्यात किसननगरच्या भंगारवाल्याकडं
गंजक्या डब्यांची चळत दिसली, वर सरकारी शिक्का.
एक रीळ उलगडून उन्हाकडे धरलं.
फुटाला चाळीस चौकटी, प्रत्येकीत तेच हात,
गव्हाच्या दाण्याएवढे, थांबलेले.
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं मी घड्याळ शोधत गेले
फूटभर, वावभर, दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत फीत लोळली.
सापडलं.
या चौकटीत अकरा पाच.
पुढच्या चौकटीत पावणेपाच.
मध्ये काळी रेघ, केसाहून बारीक.

मी तिच्यावर नख टेकवलं.
मावलं नाही.

"मावशी, घ्यायचं तर किलोवर आहे,"
भंगारवाला म्हणाला,
आणि काटा पुढं ओढला.