तार

रात्रपाळी. तुर्भे, मार्केटच्या मागची लॅब.
खिडकीखाली साखरेचा ट्रक मागे येतोय,
कुणीतरी पत्र्यावर थाप मारून म्हणतंय, येऊ दे, येऊ दे, बास.

मी प्लेट उघडते.
गुलाबी वसाहती, फुगलेल्या, ओल्या,
एकमेकींत ओघळलेल्या.
लूप टेकवते, अलगद वर नेते.
तार येते.
पाच मिलिमीटर पुरे, असं पुस्तक म्हणतं.
ही बोटभर येते, हलते, चमकते,
तुटायचं नाव नाही.

अल्तमश, नवा मुलगा, पट्टी आणायला धावतो.
राहू दे, म्हणते.
घणसोलीची माझी आत्या पाकाचा थेंब
अंगठ्यात नि बोटात धरून सांगायची:
एकतारी झाला, उतरव.
तिच्याकडे कुठली पट्टी होती?

ह्या जिवाणूला साखर आयती मिळते.
पण आयती साखर अंगावर घालता येत नाही.
आत येताच तिच्या सहाव्या कोपऱ्यावर फॉस्फेट बसतं,
ते काढून पहिल्या कोपऱ्यावर न्यायचं,
वर युरिडीनची चिठ्ठी.
चिठ्ठीशिवाय माल हलत नाही,
इथेही नाही, खाली गाळ्यावरही नाही.

मग पडद्यात उभा असतो एक हमाल,
लांबलचक, तेलकट,
तेलाचाच बनलेला म्हणा ना.
त्याच्या पाठीवर ग्लुकोज,
ग्लुकोजवर फ्युकोज,
त्याच्यावर ग्लुकुरॉनिक आम्ल.
एवढं घेऊन तो पडद्यातल्या पडद्यात
पालथा होतो, आतलं ओझं बाहेरच्या अंगाला.
तिथे तिनाला तीन जोडत माळ लांबते,
एका नळीतून ढकलली जाते उजेडात.
उजेडात म्हटलं खरं,
यकृतात उजेड कसला!
हमाल रिकामा परत. दुसरी खेप.
मुकादम नाही, हजेरी नाही,
आणि आपण काय शिवतोय हे
कुणालाच माहीत नाही.

काचेवर काळी शाई. लेन्सखाली
अंधारात एकेकाभोवती स्वच्छ कडं.
अल्तमश म्हणतो, दिसलं कवच.
कवच नाही रे दिसत.
शाईला जिथे शिरू दिलं नाही
तेवढी जागा दिसते.
पांढऱ्या पेशीही अशाच येतात, धरायला जातात,
हात घसरतो.

साडेतीनला वॉर्डातून फोन.
हिंदुराव शेलार, वय चोपन्न, यकृतात गळू.
शुगर? तीनशे ऐंशी.
कामाला तुमच्या खालीच, सिस्टर म्हणते,
साखरेच्या गाळ्यावर.
मी गप्प.
असल्या जुळण्या मला पटत नाहीत,
पाठीवरची साखर काही रक्तात उतरत नाही.
तरी उठून खिडकी लावून घेतली.

फ्रिजमध्ये ह्याचाच एक भाऊबंद आहे,
चार वर्षं प्लेटवरून प्लेटवर.
त्याला लूप लावा,
सपाट, कोरडा, तार नाही.
इथे कुणी मारायला येत नाही हे त्याला कळलं,
असं मी अल्तमशला सांगत होते,
मग थांबले.
कळलं कुणालाच नाही.
ज्यांनी उगाच शिवत बसणं सोडलं
ते वाढले, एवढंच.
ओझं टाकायलाही
कुणीतरी न येण्याची चार वर्षं लागतात.

रिपोर्टमध्ये ह्यातलं काही जात नाही.
एक ओळ जाते: क्लेब्सिएला, तार पॉझिटिव्ह.
खाली औषधांची यादी, काही चालतील, काही नाही.

सकाळी दोन्ही प्लेटा एकाच पिशवीत,
एकशेएकवीस अंश, पंधरा मिनिटं.
झाकण उघडल्यावर जो वास येतो
तो पाकाचा नसतो.
आत्याला सांगायचं राहिलं.