तेरा नंबर

सुभाषनगरात आमच्या दुकानामागं, पत्र्याच्या पेटीत
एका मंत्र्याचे पाय ठेवल्यात.
म्हंजे पायांचा कागद. तपकिरी, तेलकट,
कडंनं पेन्सिलीची रेघ.

इओतेबा तवा विद्यापीठाच्या होस्टेलात होता.
समुद्रात कुठंतरी त्याचा देश, शिंतोड्याएवढा;
नकाशात दावायला गेला तर त्याच्याच बोटाखाली झाकला.
आख्ख्या चप्पल लाईनीत त्याच्या मापाचं पायताण न्हवतं.
मामंजींनी त्याला कागदावर उभं केलं,
म्हणाले, ह्यो पाय न्हवं, होडी हाय.

वेणी मी घातली. करकर मामंजींनी.
दोन तळांच्या मधी काय ठेवतात
ते बाहेर सांगायचं नसतं.

सात वर्सांनी पत्र: मासेमारी खात्याचा मंत्री झालो.
त्याच मापाचा जोड धाडा, आवाज मोठा ठेवा.
सभागृहात माझ्या आधी माझं चालणं पोचतं,
लोक पंख्याखाली सावरून बसतात.

मग सरकार पडलं. तिकडं ती ओहोटीगत पडतात म्हणं.
दोन वर्सं त्यो शाळेत भूगोल शिकवीत होता.
मग अर्थखातं. मग ज्यांना शिव्या घातल्या
त्यांच्याच मांडीला मांडी लावून बंदरं खातं.
त्या वेळचं पत्र चार ओळींचं:
हौसाक्का, ह्या टायमाला करकर नको.

मामंजी अंथरुणावर होते. ऐकलं, कुशीवर वळले.
बिनआवाजाचं पायताण मांजराला शोभतं, म्हणाले.
पर गिऱ्हाईक हाय.
मी मुका जोड केला.
पैसे वेळेवर आले. जास्तच आले.

ह्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीचं पत्र आलं.
बाबा आता मंत्री न्हाईत, निवडूनबी आले न्हाईत.
जखम चिघळली, अंगात साखर होती,
डावा पाय गुडघ्याखाली काढला.
साखर म्हटल्यावर आमच्या जिल्ह्यात
कारखान्याचं इलेक्शन आठवतं; मला उमजायला वेळ लागला.
उजव्याचं एकच धाडाल का?
पैसे जोडाचे देतो.

कागद काढला. उजवा पाय, कॉलेजातल्या पोराचा.
कातडं कापलं, वेणी नऊ पदरी घातली.
तळ शिवायच्या आधी हात थांबला.
करकर हवी का नको, काईच लिवलं न्हवतं.

घातली.

पोस्टातल्या पोरीनं खोकं तोललं, आत बघितलं.
आक्का, म्हणाली,
दुसरं टाकायचं ऱ्हायलं तुमचं.